वरचा थर

दिवाळी जवळ आली की घराघरांतून साफसफाईची आणि रंगरंगोटीची लगबग सुरू होते. भिंतींना नवा रंग चढतो, दारांना पॉलिश होते, विटलेल्या पडद्यांच्या जागी नवे पडदे येतात. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला पडेल ते सारे चकचकीत दिसावे असे प्रत्येक गृहिणीला वाटते आणि त्यात गैर काहीच नाही. पण घाईघाईने दिलेला वरचा थर आतले किती दिवस झाकून ठेवू शकतो? बडोद्यातल्या एका मराठी कुटुंबाला या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या गॅरेजच्या जमिनीने दिले.

गायकवाडांच्या काळापासून बडोद्यात मराठी माणसे रुजली आहेत. घरात मराठी आणि बाजारात गुजराती बोलणाऱ्या अशा कुटुंबांपैकीच हे एक. नाना रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. डब्यांच्या रंगकामाच्या खात्यात त्यांची पस्तीस वर्षे गेली. माई घर सांभाळणाऱ्या, मुलगा एका कारखान्यात हिशेबनीस, सूनबाई घरच्या घरी शिवणकाम करणाऱ्या आणि नात आठवीत. विश्वामित्री नदीपासून फारशा लांब नसलेल्या एका सोसायटीत त्यांचे बैठे घर. घराला लागून गॅरेज आणि गॅरेजमध्ये नानांची जुनी पद्मिनी फियाट.

अलीकडे ती गाडी रस्त्यावर निघत नसे. तरीही दर रविवारी सकाळी नाना बॉनेट उघडून काहीतरी खुडबूड करीत. इंजिनातून तेल ठिबके. गॅरेजच्या सिमेंटच्या कोब्यावर त्याचा परातीएवढा काळा डाग पडला होता. "गाडी चालायची थांबली, पण गळायची काही थांबत नाही!" असे माई म्हणत आणि नाना नुसते हसत.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस, गोकुळाष्टमीच्या सुमारास, बडोद्यात मुसळधार पाऊस झाला. त्यात आजवा सरोवराचे पाणी नदीत आले. विश्वामित्री धोक्याची पातळी ओलांडून शहरात शिरली. या नदीत मगरी आहेत. पुराच्या पाण्याबरोबर त्याही वस्त्यांमध्ये आल्या आणि त्यांना पकडण्यासाठी माणसे धावू लागली. नानांचे कुटुंब शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेले म्हणून वाचले. घराचे जोते उंच असल्यामुळे आत गुडघाभरच पाणी शिरले, पण रस्त्याच्या पातळीवरच्या गॅरेजमध्ये ते छातीपर्यंत चढले आणि दोन दिवस तसेच साचून राहिले.

पाणी ओसरले तेव्हा फ्रिज, वॉशिंग मशीन आणि सूनबाईंच्या तीनपैकी दोन शिलाई मशीन निकामी झाल्या होत्या. पद्मिनीच्या सीटवर बोटभर गाळ बसला होता. मेकॅनिकने इंजिन पाहून मान हलवली. आठ-दहा दिवसांनी भंगारवाला टेम्पो घेऊन आला आणि गाडी ओढून घेऊन गेला.

सर्वांनी नानांची समजूत घातली. "जुनीच तर होती," मुलगा म्हणाला. "जागा मोकळी झाली, हे एका परीनं बरंच झालं," शेजारी म्हणाले. "माणसं वाचली, आणखी काय हवं?" माई म्हणाल्या. नानांनी प्रत्येकाला मान डोलावून होकार दिला. त्यानंतर मात्र त्यांचे बोलणे हळूहळू कमी होत गेले. पेपर उघडून बसत, पण पान उलटत नसे.

इकडे सूनबाईंपुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. पूर्वी त्या मागच्या खोलीत शिवत. त्या खोलीच्या भिंतींना ओल आल्यामुळे उरलेली एक मशीन हॉलमध्ये आली. कापडाचे तागे सोफ्यावर, चिंध्या जमिनीवर, माप द्यायला येणाऱ्या बायका टीव्हीसमोर. माईंना दुपारी आडवे व्हायला जागा उरली नाही. त्या एक-दोनदा टोचून बोलल्या, सूनबाईंनीही एकदा उलट उत्तर दिले. रिकाम्या पडलेल्या गॅरेजमध्ये शिवणाचे दुकान थाटावे, हा तोडगा तेव्हा सर्वांनाच पटला. दिवसा शिवण, रात्री एका बाजूला मुलाची स्कूटर.

अडचण एकच होती. जुन्या कोब्याची सतत भुकटी निघे. झाडून घेतले तरी तासाभरात पांढरी पूड पुन्हा हजर. गिऱ्हाइकाचे रेशमी कापड अशा जमिनीवर कसे उलगडायचे? टाइल्सचा खर्च त्या वर्षी झेपणारा नव्हता. मुलाच्या कारखान्यात जमिनीवर इपॉक्सीचा थर दिलेला होता. हा साधा रंग नसतो. रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग एकत्र केले की त्यांची रासायनिक क्रिया होऊन कठीण, गुळगुळीत थर तयार होतो. त्यातून धूळ निघत नाही आणि सांडलेले तेल नुसते पुसून घेता येते. म्हणून कारखाने, इस्पितळे आणि गाड्यांच्या गॅरेजमध्ये तो वापरतात. "दोन दिवसांचं काम आहे. आपलं आपणच करू," मुलगा म्हणाला.

नाना दारात उभे राहून ऐकत होते. ते एवढेच म्हणाले, "इतक्यात नको. दोन-तीन महिने थांबा."

मुलाने सूनबाईंकडे पाहिले. दोघांच्या मनात एकच विचार आला. गाडीची जागा दुसऱ्या कुणाला देणे नानांना जड जात असणार. मुलगा समजावणीच्या सुरात म्हणाला, "नाना, दिवाळीच्या ऑर्डरी आल्यात. आणि तुमच्या डब्यांचं काम वेगळं होतं. ते लोखंड, हे सिमेंट." नाना आत निघून गेले.

नवरात्र संपल्यावर, पुरानंतर जेमतेम सात आठवड्यांनी, काम सुरू झाले. जमीन वरून कोरडी ठणठणीत दिसत होती. मुलाने पाण्यात पातळ केलेले ॲसिड कोब्यावर टाकून घासले आणि दोन बादल्या पाण्याने धुऊन काढले. तेलाच्या डागावर साबणाची पूड टाकून ब्रश मारला. डाग थोडा फिका झाला. "वरून रंगच येणार आहे," असे म्हणत त्याने तो तसाच सोडला.

दुसऱ्या दिवशी डब्यातले सगळे रेझिन आणि सगळा हार्डनर एकाच बादलीत ओतून ढवळला. अर्धी जमीन झाली तेव्हा चहा आला. चहा संपवून पाहतात तो बादली हाताला चटका बसण्याइतकी तापलेली, आतून वाफा येत होत्या आणि मिश्रण दगडासारखे होऊ लागले होते. इपॉक्सीचे हे मिश्रण बादलीत साचवून ठेवले की स्वतःच्याच उष्णतेने भराभर घट्ट होते. बडोद्याच्या ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात तर त्याला वेळच लागत नाही. दुसरा डबा आणावा लागला. हातमोजे न घातल्यामुळे मुलाच्या मनगटांवर पुरळ उठले, ते आठवडाभर खाजत राहिले.

एवढे सोसूनही दिवाळीत गॅरेज देखणे दिसले. राखाडी रंगाची तुकतुकीत जमीन आणि तीत पणत्यांचे प्रतिबिंब. सूनबाईंनी मशीनची पूजा केली. शेजारणींनी कौतुक केले. नानाही येऊन पाहून गेले, काही बोलले नाहीत.

डिसेंबरमध्ये पहिला फुगा दिसला. संक्रांतीपर्यंत वाटाण्याएवढे, लिंबाएवढे फुगे जागोजागी उठले. स्कूटरचे चाक जिथे टेके तिथला थर चाकाला चिकटून वर आला. तेलाच्या डागावरचा तुकडा तर पापडासारखा अख्खाच्या अख्खा सुटला आणि खाली तो काळा डाग पूर्वीसारखाच दिसू लागला. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. पैसे गेले, श्रम गेले आणि मशीन पुन्हा हॉलमध्ये.

ओळखीच्या गवंड्याला बोलावले. त्याने एक फुगा नखाने फोडला. आतून पाण्याचा थेंब आला. "बेन, अंदर हजु भेज छे," तो म्हणाला. आत अजून ओल आहे.

त्या दुपारी सूनबाई चहा घेऊन गॅरेजकडे गेल्या. नाना जमिनीवर उकिडवे बसून सुटलेले पोपडे एकेक करून उलटे करून पाहत होते.

"काय बघताय, नाना?"

"पाठ बघतोय. रंग का सुटला ते त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं," नाना म्हणाले. त्यांनी तीन पोपडे पुढे केले. एकाची पाठ ओलसर होती. म्हणजे तो खालच्या वाफेने उचलला. दुसऱ्याच्या पाठीला मातीची आणि सिमेंटची पूड चिकटली होती. म्हणजे रंगाने जमिनीला धरलेच नाही, धरले ते पुराच्या गाळाला आणि सुट्या भुकटीला. तिसऱ्याची पाठ काळी, तेलकट होती. "तेलावर काही टिकत नाही. ॲसिडनं तेल जात नाही. आणि आधीच ओल्या जमिनीवर आपण आणखी दोन बादल्या पाणी ओतलं."

सूनबाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "नाना, तुम्ही तेव्हा थांबा म्हणाला होतात. हे सगळं का नाही सांगितलंत?"

नानांनी चहाचा कप हातात घेतला. "का थांबायचं, असं कुणी विचारलंच नाही," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते वाक्य सूनबाईंना अधिक लागले. थांबा म्हणणारा माणूस गाडीपायी म्हणत असेल, असे सर्वांनी परस्पर ठरवून टाकले होते. आणि गाडीबद्दल तरी त्यांना कुणी विचारले होते? जुनीच होती, जागा मोकळी झाली, असे म्हणून त्या दुःखावरही सर्वांनी मिळून घाईने एक थर देऊन टाकला होता. नानांनी मान डोलावली आणि काम झाले, असे सर्वांना वाटले.

रात्री सूनबाईंनी हे नवऱ्याला सांगितले. दुसऱ्या दिवशी मुलगा नानांसमोर जाऊन बसला. "नाना, या वेळी तुम्ही सांगाल तसं करू," तो म्हणाला. नाना म्हणाले, "मग आधी घाई सोडा."

पहिल्यांदा सगळा थर खरवडून काढला. मग भाड्याने घिसाईचे मशीन आणून वरची कमकुवत कातडी घासून काढली. सिमेंटची ती बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून नानांनी सर्वांना मास्क लावायला लावले आणि नातीला घरातच ठेवले. ॲसिडचा विषयच काढला नाही.

त्यानंतर नानांनी दीड-दीड फुटाचे प्लॅस्टिकचे चार चौकोन कापले आणि गॅरेजच्या चार ठिकाणी चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करून लावले. दुसऱ्या दिवशी उचलून पाहिले. आतल्या बाजूला दव जमले होते आणि खालचा कोबा काळपट पडला होता. "अजून नाही," नाना म्हणाले. शटर दिवसभर उघडे ठेवले, पंखा लावला. फेब्रुवारीत पुन्हा तीच परीक्षा घेतली, पुन्हा दोन चौकोनांखाली ओल. नातीला या खेळाची गोडी लागली. दर पंधरा दिवसांनी प्लॅस्टिक लावायचे आणि उचलायचे काम तिने आपल्याकडे घेतले.

माईंना मात्र नवल वाटे. त्यांचे माहेर कोकणातले. "आमच्याकडे ओल काय कमी होती? पण शेणानं सारवलेल्या जमिनीला कधी फुगे नाही आले," त्या एकदा म्हणाल्या. नाना हसून म्हणाले, "सारवलेल्या जमिनीतून वाफ निघून जायची. ती जमीन श्वास घ्यायची. हा थर प्लॅस्टिकसारखा आहे. तो आत काही जाऊ देत नाही, तसं आतलं बाहेरही येऊ देत नाही. मग आतली वाफ त्यालाच उचलते." माईंना ते चटकन पटले. त्या सुनेकडे पाहून म्हणाल्या, "माणसांचंही तेच." आणि दुपारी हॉलमधल्या ताग्यांच्या घड्या घालायला त्या स्वतःच बसल्या.

राहिला होता तो तेलाचा डाग. धुण्याचा सोडा आणि गरम पाणी टाकून तो चार-पाच वेळा घासला. प्रत्येक वेळी वाळल्यावर नाना त्यावर पाण्याचा थेंब सोडत. जमिनीने थेंब शोषून घेतला तर ती स्वच्छ, मोत्यासारखा वर उभा राहिला तर तेल अजून आहे. थेंब उभाच राही. इतक्या वर्षांचे तेल खोलवर मुरलेले. "एवढा भाग फोडून काढावा लागेल," नाना म्हणाले.

मुलाने हातोडा उचलला, तसे नानांनी हात पुढे केला. "तो मी काढतो."

छिन्नी-हातोडा घेऊन नाना बसले. हळूहळू ठोके देत होते आणि बोलत होते. गाडी घ्यायला पैसे कसे जमवले, ती पहिल्यांदा दारात आली तेव्हा माईंनी तिला कसे ओवाळले, पावागढच्या चढावर ती कशी तापली आणि पाठच्या सीटवरच्या मुलाने उतरून कसा धक्का मारला. मुलगा शेजारी बसून तुकडे गोळा करत होता. "आठवतंय, नाना," तो म्हणाला. "आणि तुम्ही मला स्टिअरिंग धरू दिलं होतं, तेही आठवतंय." एका जागी नाना थांबले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. या वेळी कुणीही 'जाऊ द्या, जुनीच तर होती' असे म्हटले नाही. अर्धा इंच खोल खड्डा झाला तेव्हा खाली स्वच्छ राखाडी कोबा लागला. तो खड्डा इपॉक्सीत बारीक वाळू कालवून भरला.

मार्चच्या अखेरीस चारही प्लॅस्टिकखाली जमीन कोरडी निघाली. ३० मार्च २०२५ रोजी गुढीपाडवा होता. सकाळी गुढी उभारली आणि ऊन कलल्यावर कामाला सुरुवात झाली. जमीन तापत असताना तिच्या छिद्रांतली हवा वर येऊन थरात बुडबुडे करते, ती निवू लागल्यावर थर नीट बसतो, हे नानांचे म्हणणे. आधी ओलसर जमिनीसाठी मिळणारा प्रायमर, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी एकेक हात. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणाप्रमाणे मोजून, थोडे थोडेच मिश्रण करायचे, तीन मिनिटे सावकाश ढवळायचे आणि बादलीत न ठेवता लगेच जमिनीवर पट्ट्यात ओतून रोलरने पसरायचे. मागच्या भिंतीपासून सुरुवात करून शटरकडे यायचे. सर्वांच्या हातांत मोजे, शटर पूर्ण उघडे. पावसाळ्यात ओल्या चपलांनी कुणी घसरू नये म्हणून स्कूटरच्या बाजूला ओल्या थरावरच बारीक वाळू भुरभुरली. चोवीस तास कुणी पाऊल टाकले नाही, आणि स्कूटर आठवडाभर अंगणातच राहिली.

सूनबाईंचे दुकान आता तिथे सुरू आहे. २०२५ चा पावसाळा त्या जमिनीने पाहिला. नळाजवळच्या कोपऱ्यात पावसाळ्यानंतर दोन छोटे फुगे आले, कारण त्या जुन्या कोब्याखाली ओल अडवणारा कागद कधी घातलेलाच नव्हता. शटरजवळ ऊन लागते तिथे रंग किंचित पिवळसर झाला आहे. इपॉक्सीला ऊन सोसत नाही. ते फुगे झाकण्यासाठी मात्र कुणी पायपुसणे टाकले नाही. नानांनी तेवढा तुकडा कापून जमीन उघडी ठेवली आहे. "वाळू दे. मग बघू," ते म्हणतात.

दिवाळीत पणत्या लावताना एक शेजारीण सूनबाईंना म्हणाली, "रंग फार छान बसलाय हो. कुठल्या कंपनीचा?"

सूनबाईंनी नानांकडे पाहिले. नाना म्हणाले, "डबा पहिल्याच कंपनीचा आहे. या वेळी तो उघडण्याआधी अडीच महिने थांबलो, एवढाच फरक."